पालखी उठवणारी सनई

“लोकांचं होऊं दे आधी,” असं म्हणून तो हातातली पिशवी छातीशी धरायचा आणि भिंतीला टेकून उभा राहायचा. पाण्याच्या कूलरपाशी, बसच्या दारात, दवाखान्याच्या खिडकीपुढे, जेवणाच्या ताटापुढे, कुठेही. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. अशी माणसं भली असतात म्हणतात. असतील. मला एवढंच माहीत आहे की अशा माणसाबरोबर गेलं की आपल्यालाही उपाशी थांबावं लागतं.

मी बहरीनला शिवणकाम करते. बाब अल बहरीनच्या कमानीतून आत गेलं की सोन्याची दुकानं लागतात, मग कापडाची, आणि त्यांच्या मागच्या गल्लीत दाऊदशेठचं टेलरिंग आहे. शेठ रत्नागिरीचा, मी चिपळूणकडची. नवरा गेल्यावर आले ती इथल्याच मशीनवर म्हातारी झाले. तो आमच्याकडे यायचा गॅरेजच्या डांगऱ्या, म्हणजे कामाचे अंगभर कपडे, घेऊन. कुणाची चेन गेलेली, कुणाचा गुडघा फाटलेला. तुबलीच्या एका गॅरेजात तो गाड्यांना रंग मारायचा आणि सगळ्यांचं शिवायचं-सांधायचं त्याच्याच गळ्यात पडायचं. स्वतःची डांगरी मात्र तो सगळ्यात शेवटी काढायचा, तोवर माझी शिवायची वेळ संपलेली असायची.

त्याच्या रुमालावरून मला कळायचं, आज गॅरेजात कुठल्या रंगाची गाडी आली होती. खोकला की रुमाल तोंडाशी न्यायचा, आणि त्यावर कधी तांबूस, कधी चांदीसारखं काहीतरी उतरायचं. नाकावर मास्क लाव म्हणून गॅरेजवाले सांगत. पण पत्र्याखाली उन्हाळ्यात मास्कच्या आत घाम साचतो, जीव घुसमटतो. तो मास्क हनुवटीखाली ओढून ठेवायचा.

“अरे, हनुवटी खोकते का तुझी?” मी विचारायचे.

“जाऊं दे बाय. सवय झाली आता.”

डांगऱ्यांच्या पिशवीत आणखी एक वस्तू असायची. जुन्या पायजम्याची एक तंगडी कापून, शिवून तिची पिशवी केलेली, आणि तिच्यात सनई. खोलीवर ठेवली तर कुणी हात लावेल, म्हणून सगळीकडे बरोबर. मनामा शहरात कुणा मराठी माणसाकडे लग्न असलं, गणपती असला, की त्याला बोलावणं यायचं. गॅरेजातलाच एक जोडीदार त्याच्या शेजारी उभा राहून दुसऱ्या सनईवर सूर धरायचा. सनईला सूर लागतो. एक जण गातो, दुसरा नुसता एकच आवाज न तोडता धरून ठेवतो. त्या दुसऱ्याकडे कुणी बघत नाही, पण तो थांबला की पहिला उघडा पडतो. तो जोडीदार व्हिसा संपून गावाला गेला, तेव्हापासून याची सनई तंगडीतच होती.

तो संगमेश्वराकडच्या एका गावचा, वाजंत्र्यांच्या घरातला. कोकणातल्या माणसाला सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. शिमग्यात गावच्या देवीची चांदीची रुपं पेटीतून काढून पालखीत लावतात. ती पालखी देवळाबाहेर निघते, घरोघर फिरते, आणि माणसं ती खांद्यावर घेऊन नाचवतात. त्याच्या गावात ती अशीतशी उठत नाही. खांदेकरी दांड्याला खांदा देतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, आणि मग याच्या घराण्याची सनई एक ठरलेलं वाजप वाजवते. त्या वाजपावर देवी उठते. एकदा ते सुरू झालं की पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, बसेपर्यंत मध्ये टेकवायची नाही, आणि सनईनंही मध्ये थांबायचं नाही. हे वाजप लग्नात वाजत नाही, गणपतीत वाजत नाही. घरात पोरांना शिकवतानासुद्धा तोंडानं म्हणून शिकवतात. सनईवर फक्त तिच्यापुढे.

आणि हा तुबलीत गाड्या रंगवत बसलेला. गॅरेजची सुट्टी मिळायची ऐन उन्हाळ्यात, शिमगा त्याच्या आधी. बरीच वर्षं चुलतभावाचा मुलगा त्याच्या जागी वाजवत होता. गावाने निरोप धाडला होता, यंदा आलास तर मान तुझा, नाहीतर पुढे तो भावाच्या घरात. फोरमनच्या मागे लागून लागून त्याने यंदाची शिमग्याची सुट्टी कबूल करून घेतली होती.

“यंदा जायचंच, बाय. छाती हाय तवर एकदा तिला उठवायची.”

“तू नाही उठवलीस तर ती काय झोपून राहते? इतकी वर्षं उठतेच आहे की.”

“तसं नाय. माझ्या हातनं एकदा उठली पायजे. मग दिला मान पोराला, मी नाय नको म्हननार.”

एवढंच त्याला हवं होतं. दुसरं काही मागताना मी त्याला पाहिला नाही.

त्या थंडीत आमच्या दुकानात क्लबची मॅडम आली. सार गावाकडे परदेशी लोकांचा एक क्लब आहे, तिथली. तिने फोनवर चित्रं दाखवली. मखमलीचे अंगरखे, भोपळ्यासारख्या फुगीर बाह्या, बायकांना जमिनीवर लोळणारे झगे आणि पुरुषांना पायाला चिकटून बसणारे घट्ट चोळणे. तिच्या जत्रेला ती जे नाव सांगत होती ते माझ्या जिभेवर काही बसलं नाही. शेठने मला समजावून सांगितलं.

“पाचशे वर्षांपूर्वी ह्यांच्याकडं राजे-राण्या कशा होत्या, बाजार कसा होता, त्याचं सोंग. थंडीत दर शुक्रवारी. गोऱ्यांचा शिमगा समज.”

“मग तसं सांग ना आधी,” मी म्हटलं आणि टेप काढली.

तो तेव्हा दारात उभा होता. डांगऱ्या घेऊन, भिंतीला टेकून. मॅडमचं होऊं दे आधी. मॅडम चित्रं सरकवत होती, त्यात एक आलं, टोपीवाले दोन पुरुष, आणि त्यांच्या हातात तोंडाशी निमुळती, खाली फुललेली लांब लाकडी नळी. तो भिंतीपासून सुटला. मी पहिल्यांदाच त्याला कुणाच्या मध्ये शिरताना पाहिलं.

“शेट, ही तर आमची सनई.”

शेठने मॅडमला सांगितलं. मॅडमला खरं वाटेना. तिच्याकडच्या जुन्या वाद्याला वाजवणारा तिला बहरीनमध्ये मिळत नव्हता. त्याने तंगडी उसवावी तशी पिशवी उघडली, सनईची पत्ती ओठात धरून ओली केली, आणि वाजवली. एवढ्याशा दुकानात सनई वाजली की काय होतं ते तुम्हाला माहीत असेल. काचेच्या कपाटातली बटणं थरथरली. गल्लीतला अत्तरवाला आला, समोरचा बंगाली घड्याळवाला आला, दोन बुरखेवाल्या बायका थांबल्या.

“अरे बाबा, दुकान हाय हे, मांडव नाय!” शेठ ओरडला. पण हसत होता.

मॅडमने त्याला तिथल्या तिथे जत्रेला बोलावलं. तो म्हणाला, एकटा वाजवणार नाही, सूर पाहिजे. शेठ म्हणाला, सूर कुठून आणू? तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या खोलीवर सूरपेटी होती, हाताने भाता दाबायची. ती एकसारखी दाबली की तिच्यातून एकच आवाज निघतो.

“बाय, तू दाबशील?”

“मला त्यातलं काय कळतं?”

“कळायचं नाय त्यात कायपन. बसून दाबायचं.”

बसून म्हणाला म्हणून मी कबूल झाले. माझे गुडघे तेव्हाही दुखत होतेच.

तेव्हापासून आमचे शुक्रवार गेले. आठवडाभर तो पत्र्याखाली आणि मी मशीनवर. शुक्रवारच्या सुट्टीला माणूस झोपतो, कपडे धुतो, वरणभात करून खातो. आम्ही क्लबच्या व्हॅनमध्ये बसून सारला जायचो. जाताना तो तोंड उघडं टाकून झोपायचा, खोकला आला की जागा व्हायचा, पुन्हा झोपायचा. मी खिडकीतून बघत राहायचे. रस्ता, खजुरीची झाडं, पुन्हा रस्ता. सोंग करायला जाणारी माणसं इतकी दमलेली असतात हे बघणाऱ्याला कधी कळत नाही.

त्याच्यासाठी मी जांभळा मखमली अंगरखा शिवला होता. तो चांगला बसला. खाली घट्ट चोळणा दिला तर तो पडद्याआडून बाहेरच येईना.

“बाय, उघडा दिसतो मी.”

“पाय झाकलेत की.”

“झाकलेत, पन दिसतात.”

मग त्याला मी नेहमीचा लेंगाच त्याच रंगात रंगवून दिला. मॅडमने ते चालवून घेतलं. मला एक तपकिरी झगा आणि डोक्याला पांढरं फडकं. तोही मीच शिवलेला, म्हणजे तक्रार कुणाकडे करायची? आरशात पाहिलं तर एखादी दवाखान्यातली आया दिसत होते. मैदानात लाकडी मंच, तंबू, लाकडी तलवारींनी लढणारी मोठमोठी माणसं, कोंबडीच्या तंगड्या हातात धरून खाणाऱ्या बायका. आम्ही मंचाच्या कडेला बसायचो. तो लग्नातली, मंगळाष्टकांनंतरची, वरातीची वाजपं वाजवायचा आणि ती माणसं ती आपल्याच पाचशे वर्षांपूर्वीची समजून माना डोलवायची. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

माझा हात दमला की भाता अडायचा. तो सनई तोंडातून न काढता डोळे वळवायचा, आणि वाजप संपलं की म्हणायचा, “बाय, सूर तुटला.”

“हात तुटायला आलाय, मेल्या, सुराचं काय सांगतोस?”

“हात बदलायचा. पन आधी दुसरा लावायचा, मग पयला काढायचा.”

मी तसं करायला शिकले. हे एकच वाजवणं मला आयुष्यात आलं.

दुपारी जेवण असायचं. लांब टेबलं मांडलेली, सगळ्यांनी बसायचं. मॅडम येऊन त्याला हाताला धरून टेबलाशी न्यायची, तो सुटून परत तंबूच्या दोरीपाशी उभा. “लोकांचं होऊं दे.” मॅडमला वाटायचं, याला अन्न आवडत नाही. मग ती शाकाहारी आणायची, मासे आणायची. अगं बाई, त्याला अन्नाचं काही नव्हतं. आमच्याकडे वाजंत्र्याने आधी वाजवायचं, सगळ्या पंगती उठल्या की मांडवाच्या बाहेर बसून जेवायचं. त्याचा बाप तसा जेवला, आजा तसा जेवला. इथे गोऱ्या बाईने खुर्ची ओढून दिली म्हणून पोट लगेच खुर्चीवर बसत नाही. तो सगळ्यात शेवटी, गार झालेल्या बटाट्यांपाशी उभा राहून जेवायचा. मी आधीच जेवलेली असायचे. मी कुणासाठी थांबत नाही.

शेवटच्या शुक्रवारी राजाची मिरवणूक होती. राजा म्हणजे एका बँकेतला साहेब. उंच, आडवा, उन्हाने लाल झालेला. एरवी तो चालत यायचा. पण शेवटच्या दिवशी मॅडमला काहीतरी मोठं करायचं होतं. तिने एका भक्कम खुर्चीच्या दोन्ही बाजूंना लांब बांबू बांधून घेतले, आणि ती उचलायला क्लबचं सामान बघणारी चार पोरं उभी केली. दोघे नेपाळी. दोघे आमच्याकडचे, एक गुहागरचा आणि एक देवरुखचा. देवरुखच्या पोराचा मामा याच्याच गावचा होता, म्हणजे मामाच्या घरी शिमगा बघतच तो वाढलेला. मॅडमने सनईवाल्याला हाताने खूण करून सांगितलं, राजा वर गेला की तूही जोरात, वर.

ठरलं होतं वरातीचं वाजप. माझी पेटी सुरू झाली. राजा खुर्चीत बसला, पोरं बांबूखाली वाकली. खांदे लागले. खुर्ची करकरली आणि चार खांद्यांवर वर आली.

तो बघत होता. नुसता बघत होता. मग त्याने सनई तोंडाला लावली आणि वाजलं ते वरातीचं नव्हतं. मी ते कधी ऐकलं नव्हतं. सुरुवात फार खाली, कुणाला उठवताना आपण हळू हाक मारतो तशी, मग जरा वर, मग आणखी वर.

देवरुखच्या पोराची मान झटकन वळली. त्याचे गुडघे आपसूक वाकले. त्याने “होऽऽ” अशी आरोळी दिली, गुहागरच्याने ओ दिली, आणि खुर्ची नाचायला लागली. पुढे झुकली, मागे झुकली, जमिनीपर्यंत खाली गेली, परत वर. गिरकी घेतली. नेपाळी पोरांना काय चाललंय ते कळलं नाही, पण ती डोंगरातली पोरं, त्यांनीही पायांनी ठेका धरला. राजाने आधी लोकांना हात केला, मग दोन्ही हातांनी बांबू धरले, मग डोळे मिटले. मुकुट पहिल्याच गिरकीला उडाला होता. लोक टाळ्या पिटत होते, फोन वर धरत होते. मॅडम आधी टाळ्या वाजवत होती, मग तिने हात तोंडावर ठेवला.

मी त्याच्याकडे पाहिलं. गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, तोंड अंगरख्यासारखं जांभळं झालं होतं. मी भाता सैल केला, म्हटलं हा थांबेल. त्याने डोळे माझ्यावर रोखले. म्हणजे, हात थांबवू नको.

गोष्ट अशी झाली होती, की सनई वाजतेय तोवर पालखी टेकवायची नाही हे त्या पोराला माहीत होतं, म्हणून खुर्ची खाली येईना. आणि पालखी बसत नाही तोवर सनई थांबवायची नाही, म्हणून हा थांबेना. दोघं एकमेकांसाठी अडले होते आणि मध्ये तो साहेब हेलकावे खात होता. शेवटी हाच वाजवत वाजवत मंचाकडे चालायला लागला. मी पेटी पोटाशी धरून त्याच्या मागे, गुडघ्यांना शिव्या देत. पोरं खुर्ची नाचवत आमच्या मागे. लाकडी मंच हीच सहाण समजून पोरांनी राजाला त्याच्यावर अलगद बसवलं आणि देवरुखच्या पोराने हात जोडले. कुणाला, ते त्यालाच माहीत. मग सनई थांबली.

राजा उठला, पाणी प्याला, आणि हसायला लागला. त्याला फार आवडलं म्हणे. मॅडमनेही येऊन सनईवाल्याचे दोन्ही हात हातात धरून हलवले, पुढच्या वर्षी असंच, असंच.

तो तंबूमागे जाऊन वाळूत बसला. सनई मांडीवर. मी पाण्याची बाटली घेऊन गेले.

“काय केलं मी ह्ये, बाय.”

“वाजवलंस. लोक खूश आहेत.”

“तिचं वाजवलं. मानसापुढं.”

“बरं, मग? तिला इथून ऐकू जातं होय?”

श्वास तुकड्या-तुकड्याने येत होता. मग म्हणाला, “गेलं आसंल तर? उठली आसंल ती तिकडं. रुपं पेटीत, पालखी माळ्यावर. खांदा द्यायला कोन नाय. उठून बसली आसंल, आन आता कुटं जायाचं तिनं?”

मी देवदेव फारसा करत नाही. तरी मी बाटलीचं झाकण उघडून त्याच्यापुढे धरली. “पाणी पी,” म्हटलं.

त्या दिवशी टेबलं रिकामी झाली तरी तो जेवायला उठला नाही. व्हॅनमध्ये तो झोपलाही नाही. प्रत्येक श्वासाला त्याच्या छातीत शिट्टीसारखं काहीतरी वाजत होतं.

तो श्वास मग भरून आलाच नाही. गॅरेजात जिना चढताना थांबायला लागला, बोलताना वाक्याच्या मध्ये थांबायला लागला. दवाखान्यात जातो म्हणायचा आणि तसाच परत यायचा. खिडकीपुढे रांग असते, मागे कुणी कण्हत असतं, कुणाची ड्युटी असते. हा प्रत्येकाला पुढे सोडायचा आणि खिडकी बंद व्हायची. शेवटी मीच एकदा बरोबर गेले. तो तोंड उघडणार एवढ्यात मी त्याला पाठीत हात घालून पुढे लोटलं.

“बाय, लोकांचं—”

“लोकांचं कधी होत नसतं रे. लोक संपत नाहीत. तूच संपशील.”

मागचा एक पठाण हसला आणि म्हणाला, “यल्ला, चाचा, यल्ला.” चल पुढे, म्हणजे.

डॉक्टरने फोटो काढला, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. रंग बंद म्हणाला. मी विचारलं, आणि फुंकणं? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी विचारलं होतं याला विष चालेल का.

गॅरेजला रंग न मारणारा रंगारी काय कामाचा? व्हिसा पुढे वाढवला नाही. शिमग्याच्या सुट्टीवर जायचा तो कायमचाच जायला निघाला. मी म्हटलं, एका परीने बरं, शिमग्याला पोचशील तरी.

निघण्याच्या आदल्या दिवशी दुकानात आला. जांभळा अंगरखा घडी करून आणला होता, घामाचा डाग स्वतः धुऊन. शेठने त्याला आपल्या हाताने चहा दिला. त्याने तो आधी माझ्यापुढे सरकवला, आणि मी डोळे मोठे केल्यावर मुकाट प्याला. सूरपेटी माझ्याकडेच राहिली होती.

“पेटी दे, बाय.”

“तिकडे कशाला? तिकडे सूर धरायला माणसं आहेत की गावभर.”

“आसूं दे. दे.”

मी कपाटावरून काढून दिली. त्याला तेव्हाच माहीत होतं. मला नव्हतं.

शिमग्याच्या तोंडावर त्याचा फोन आला. मी सरळ विचारलं, “विचारलंस का देवीला, त्या दिवसाचं?”

“इचारलं. गुरवानं कौल लावला. सगळ्या गावाचे झाले, मग माजा.”

“तिथेही शेवटी?”

“लोकांचं होऊं दिलं.” थोडा दम घेतला. “उजवा दिला तिनं.”

उजव्या अंगाचं फूल पडलं म्हणजे देवीने होकार दिला. “म्हणजे माफ केलं तुला. झालं तर मग. वाजव आता.”

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. मग तो म्हणाला, “माफ केलं, बाय. पन माफीनं छाती भरत नाय ना.”

मी फोन ठेवला आणि एका झग्याचा काठ मुडपायला घेतला. तो उलटा मुडपला गेला, परत उसवावा लागला.

नंतर त्याच्या पुतण्याने व्हिडिओ पाठवला. शेठने दुकानातल्या मोठ्या फोनवर लावून दिला. देऊळ, गर्दी, गुलाल, पालखीचे दांडे खांद्यावर घेतलेली माणसं. पुढे पुतण्या सनई घेऊन उभा. तेच वाजप. खाली सुरू होतं, हळू हाक मारल्यासारखं, मग वर. पोरगं चांगलं वाजवतं. पालखी उठली. आणि त्याच्या मागे, गर्दीच्या खांद्यांआड, टोपी घालून हा उभा. पेटी पोटाशी धरलेली, एका हाताने भाता दाबतोय. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. सूर धरणाऱ्याकडे कुणी बघत नाहीच. हात बदलायला गेला, आणि दुसरा लावायच्या आधीच पहिला निघाला.

“सूर तुटला, मेल्या,” मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं असणार, कारण शेठने मान वर केली.

पावसाळ्यात तो गेला. पुतण्यानेच कळवलं. सनई पुतण्याकडे आहे. पेटीचं काय झालं मी विचारलं नाही.

पुन्हा थंडी आली आणि मॅडम आली. नव्या चित्रांसह. राजा तोच, पण जाड झालेला, त्याच्या अंगरख्याला कळी घालून तो सैल करायचा होता. जांभळा अंगरखा खुंटीवर होता, तो तिने ओळखला. इकडेतिकडे बघून तिने विचारलं, म्युझिक मॅन? मला तेवढं इंग्रजी कळतं.

“खलास, मॅडम,” मी म्हटलं.

तिचे डोळे भरून आले. बाई वाईट नाही. मग तिने रुमालाने डोळे टिपले आणि शेठला काहीतरी विचारलं. शेठ माझ्याकडे वळला.

“म्हणते, गेल्या वर्षीचं सगळ्यांनी फोनवर घेतलंय. त्याच्यातलं त्याचं वाजवणं स्पीकरवर लावू, आणि राजाला परत तसंच खुर्चीतून काढू. त्याची आठवण म्हणून. तुला काय वाटतं?”

मी मशीन थांबवलं. तोंडातल्या टाचण्या काढून गादीला टोचल्या.

“तिला सांग, स्पीकरवर काय लावायचं ते लाव. ढोल लाव, त्यांचं काय असेल ते लाव. ते एक लावायचं नाही. आणि खुर्ची उचलायची नाही.”

“का म्हणून सांगू?”

“एकदा उठवलं की बसवावं लागतं. बसवणारा आता नाही. आणि राजाला पाय आहेत.”

शेठने तिला इंग्रजीत सांगितलं. मी बोलले त्यापेक्षा बरंच लांब सांगितलं, मध्ये एकदा छातीवर हात ठेवून. काय सांगितलं ते मी विचारलं नाही. ती मान हलवत ऐकत राहिली.

मी काही पुन्हा सारला गेले नाही. देवरुखचं पोर अधूनमधून दुकानात येतं, ते सांगत होतं. यंदा खुर्चीचे बांबू सोडून तंबूला लावले. राजा मैदानभर चालत गेला, आणि मध्येच घाम पुसायला थांबला.